लॅसन: एकाच उद्यानात चार तऱ्हांचे ज्वालामुखी

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरात भारतातून आई-वडील आले की सहलींची यादी जवळपास ठरलेली असते. योसेमिटी, लेक टाहो, सॅन फ्रान्सिस्कोचा लाल पूल. त्या यादीत लॅसन क्वचितच दिसतं. राज्याच्या उत्तर भागात, रेडिंग शहराच्या पूर्वेला साधारण ८० किलोमीटरवर हे लॅसन व्होल्कॅनिक राष्ट्रीय उद्यान आहे. योसेमिटीला वर्षाला तीस-चाळीस लाख माणसं जातात, इथे चार-पाच लाखांच्या आसपास. पण ज्वालामुखी म्हणजे काय हे नीट समजून घ्यायचं असेल, तर मी कोणालाही आधी इथेच जायला सांगेन. हवाईला वाहता लाव्हा बघायला मिळेल, पण तिथे ज्वालामुखीची एकच तऱ्हा जास्त दिसते. लॅसनमध्ये ज्वालामुखीच्या चारही मुख्य जाती एकाच उद्यानात उभ्या आहेत, शिवाय खालची आच अजून विझलेली नाही.

आकार कशावरून ठरतो

ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो टोकदार डोंगर, माथ्यावर खड्डा आणि त्यातून उसळणारा लाल रस. ही झाली एक जात. डोंगर टोकदार होणार, पसरट होणार की गुठळीसारखा उभा राहणार, हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: बाहेर येणारा लाव्हा किती घट्ट आहे.

हा घट्टपणा येतो सिलिकामुळे. सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, वाळूत आणि काचेत असतं तेच. वितळलेल्या खडकात, म्हणजे शिलारसात, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना धरून साखळ्या तयार करतात. सिलिका जितकी जास्त तितक्या या साखळ्या लांब आणि गुंतलेल्या, आणि रस तितका चिवट. साखरेचा पाक करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एकतारी पाक ताटात ओतला की कडेपर्यंत पसरतो, गोळीबंद पाक ओतला तिथेच ढीग करून बसतो. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण ५० टक्के असते, तो पहिल्या पाकाच्या जातीचा. डेसाइट नावाच्या खडकात ती ६३ ते ६८ टक्के असते, तो दुसऱ्या. त्यात बेसॉल्टचा रस जास्त तापलेला असतो, अकराशे-बाराशे अंश सेल्सियसपर्यंत. डेसाइटचा रस त्यापेक्षा बराच थंड, म्हणून आणखी चिवट.

दुसरी गोष्ट वायूंची. शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू विरघळलेले असतात. रस वर येऊ लागला, दाब कमी झाला की त्यांचे बुडबुडे होतात. पातळ रसातून ते सहज निसटतात. चिवट रसात अडकतात, दाब साचत जातो, आणि शेवटी सगळं एकदम फुटतं. म्हणून पातळ लाव्हाचे ज्वालामुखी बहुतेक वेळा वाहतात आणि घट्ट लाव्हाचे स्फोट होतात. एवढं लक्षात ठेवलं तर लॅसनमधला प्रत्येक डोंगर स्वतःचा इतिहास दाखवू लागतो.

इथे आपल्या सह्याद्रीबद्दल बोलायलाच हवं, कारण आपण सगळे लाव्हावरच वाढलो आहोत. एखादा शंकूसारखा किल्ला दिसला की "हा जुना ज्वालामुखी बरं का" असं सांगणारा कोणीतरी ट्रेकमध्ये भेटतोच. ते बरोबर नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा बेसॉल्ट मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेलं त्याचं क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. राजगड, हरिश्चंद्रगड, अगदी कळसूबाईसुद्धा कोणी खालून उभे केलेले डोंगर नाहीत. पाण्याने आजूबाजूचे थर कोरून नेल्यावर मागे राहिलेले ते अवशेष आहेत. म्हणूनच तर आपल्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतात. लॅसनचे डोंगर मात्र खरोखर रचले गेलेले आहेत, एकेका तोंडातून बाहेर आलेल्या मालाचे. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हा फरक तिथे पाय ठेवताच जाणवतो, पायाखालचा दगड ओळखीचा असूनही.

इथेच का?

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यासमोर, समुद्राच्या तळाशी गोर्डा नावाचा एक छोटा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, आहे. तो पूर्वेकडे सरकत उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली घुसतो. खाली जाताना तो तापतो, पण थेट वितळत नाही, आणि हे अनेक ठिकाणी चुकीचं लिहिलेलं असतं. समुद्राखाली लाखो वर्षं राहिल्यामुळे त्याच्या खनिजांमध्ये पाणी बांधलेलं असतं. खोलवर गेल्यावर ते पाणी सुटतं आणि वरच्या तप्त खडकात शिरतं. पाणी मिसळलं की खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. तापमान तेच राहतं, पण कालपर्यंत घन असलेला खडक आता वितळू लागतो. हा रस हलका असल्यामुळे वर चढतो. वाटेत अडकला, कवचातला खडक वितळवून स्वतःत मिसळत गेला, आणि काही खनिजं तळाशी बसून गेली, तर त्यातली सिलिका वाढत जाते. एकाच भागात पातळ बेसॉल्टपासून घट्ट डेसाइटपर्यंत सगळं सापडतं ते यामुळे.

ब्रिटिश कोलंबियापासून खाली येणाऱ्या कॅस्केड पर्वतरांगेतला लॅसन हा सर्वांत दक्षिणेकडचा जागृत ज्वालामुखी आहे. गोर्डा भूपट्टाची दक्षिण कड हळूहळू उत्तरेकडे सरकते आहे. म्हणजे लाखो वर्षांच्या हिशेबात लॅसनच्या खालचा पुरवठा कधीतरी बंद होणार. पण तो आपल्या काळाचा प्रश्न नाही.

चार डोंगर, चार स्वभाव

ढाल ज्वालामुखी पसरट असतात, लांबून पाहिलं तर डोंगर म्हणून लक्षातही येत नाहीत. उद्यानातला प्रॉस्पेक्ट पीक आणि आग्नेय कोपऱ्यातला माउंट हार्कनेस या जातीचे. पातळ लाव्हा चारी बाजूंना वाहत गेला आणि मंद उताराची टेकडी झाली. यांच्याकडे मी फार वेळ थांबा म्हणणार नाही. फक्त रस्त्यावरून जाताना ओळखा.

थरांचा मिश्र ज्वालामुखी म्हणजे आपल्या मनातला तो टोकदार डोंगर: कधी लाव्हा, कधी राख, असे आलटूनपालटून थर. असा एक मोठा डोंगर, ब्रोकऑफ ज्वालामुखी किंवा माउंट टेहामा, सुमारे ६ लाख ते ४ लाख वर्षांपूर्वी इथे वाढत होता. त्याची उंची ११,००० फुटांच्या आसपास गेली असावी असा अंदाज आहे. आज तो नाही. आतल्या गरम, आम्लयुक्त पाण्याने त्याचा गाभा कुजवून मऊ केला आणि हिमनद्यांनी तो खरवडून नेला. कडेची काही शिखरं तेवढी उरली. दक्षिणेकडून उद्यानात शिरलं की सल्फर वर्क्स नावाच्या जागी रस्त्याच्या कडेलाच चिखल रटरटत असतो. तिथे उभं राहून ब्रोकऑफ माउंटन, माउंट डिलर अशा शिखरांकडे नजर फिरवा. त्यांना जोडणारे उतार मनाने वर वाढवत नेले की नाहीसा झालेला डोंगर तुमच्या डोक्यावरच्या आकाशात उभा राहतो. मला हा अख्ख्या उद्यानातला सर्वांत मोठा धक्का वाटतो: आपण डोंगराच्या पोटात उभे आहोत आणि डोंगर गेलेला आहे.

तिसरी जात घुमटाची, आणि लॅसन पीक तिचाच. १०,४५७ फूट उंचीचा हा डोंगर जगातल्या सर्वांत मोठ्या लाव्हा-घुमटांपैकी एक आहे. सुमारे २७,००० वर्षांपूर्वी घट्ट डेसाइट जमिनीतून ढकलला गेला आणि वाहून न जाता तोंडावरच साचला. असेच, पण बरेच नवे, म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे सहा घुमट उत्तरेला आहेत, त्यांना केऑस क्रॅग्ज म्हणतात. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांतल्या एकाचा भाग कोसळला आणि दगडांचा लोंढा काही किलोमीटर धावत गेला. त्याने ओढा अडवला आणि मॅन्झनिटा तलाव झाला. आज त्या तलावात लॅसनचं प्रतिबिंब बघायला सगळे थांबतात. तलावापासून पुढे निघालं की रस्ता त्याच दगडांच्या पसाऱ्यातून जातो. तिथली झाडं वयाच्या मानाने खुजी राहिली आहेत, कारण मुळांना माती अशी फार मिळत नाही.

चौथी जात जळक्या खड्यांच्या शंकूची. उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यातला सिंडर कोन हे तिचं इतकं नेमकं उदाहरण आहे की पाठ्यपुस्तकातलं चित्र काढायला इथेच यावं. वायूंनी भरलेला रस कारंज्यासारखा उडाला, हवेतच गार होऊन सच्छिद्र काळे खडे झाले आणि तोंडाभोवती पडत राहिले. सातशेएक फुटांचा तो ढीग आजही इतका सैल आहे की चढताना प्रत्येक पावलाचा अर्धा भाग मागे घसरतो. वर गेलं की खड्ड्याच्या आत आणखी एक कडा दिसते, आणि पलीकडे रंगीत टेकड्या: नारिंगी, विटकरी, पिवळट, राखाडी. राख जिथे अजून धगधगत्या लाव्हावर पडली तिथे तिच्यातलं लोह ऑक्सिजनशी संयोग पावून लाल झालं.

या शंकूच्या वयाची गोष्ट विज्ञान कसं चालतं हे समजायला फार चांगली आहे. १८५० च्या सुमाराला इथे आकाशात उजेड दिसला अशा काही लोकांच्या आठवणी होत्या, आणि त्यांवरून हा उद्रेक तेव्हाचाच असं बरीच वर्षं धरलं गेलं. शंका येणारे तेव्हाही होते. स्थलांतरितांच्या बैलगाड्यांची जुनी वाट लाव्हाच्या कडेला वळसा घालून जाते, म्हणजे लाव्हा आधीपासून तिथे होता. पुढे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी लाव्हामधलं चुंबकत्व, कार्बनचं वय आणि झाडांची वर्तुळं तपासली. निष्कर्ष निघाला सतराव्या शतकाच्या मध्याचा. झाडांच्या वर्तुळांतल्या रासायनिक खुणांवरून आता १६६६ हे साल सांगितलं जातं. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले तेच साल. हे कळल्यापासून तो शंकू मला एकदम नवा वाटू लागला. महाराजांच्या हयातीतला डोंगर! आपले किल्ले ज्या दगडावर उभे आहेत त्याचं वय कोट्यवधी वर्षांचं आणि हा दगड त्या किल्ल्यांच्या तटबंदीएवढा.

१९१४ ते १९१७

३० मे १९१४ रोजी लॅसन पीकच्या माथ्यावर वाफेचा स्फोट झाला. खालून वर चढत असलेल्या शिलारसाने डोंगरातलं पाणी उकळवलं होतं. पुढच्या वर्षभरात असे १८० हून अधिक स्फोट झाले. १४ जून १९१४ ला बेंजामिन लूमिस यांनी त्यांतल्या एका उद्रेकाची एकामागोमाग एक सहा छायाचित्रं घेतली. त्यांनी बांधलेलं दगडी संग्रहालय मॅन्झनिटा तलावापाशी आहे. वेळ काढून आत जा.

मे १९१५ च्या मध्यावर खरा लाव्हा माथ्यावर दिसू लागला, घट्ट, घुमटासारखा. १९ मेच्या रात्री स्फोटाने तो घुमट फोडला. तापलेले दगड बर्फावर पडले, बर्फ वितळलं आणि चिखलाचा लोंढा हॅट क्रीक आणि लॉस्ट क्रीकच्या खोऱ्यांत शिरला. २२ मेच्या दुपारी सर्वांत मोठा उद्रेक झाला. राखेचा स्तंभ ३०,००० फुटांपर्यंत गेला आणि राख सुमारे ३२० किलोमीटरवरच्या नेवाडातल्या विनेमका गावापर्यंत पडली. तापलेल्या वायू आणि राखेच्या लोटाने डोंगराच्या ईशान्य उतारावरचं जंगल साफ झोपवलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही, वस्तीच तुरळक होती. १९१७ पर्यंत धुसफूस चालू राहिली. त्याआधी १९०७ मध्ये लॅसन पीक आणि सिंडर कोन यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला होता. या उद्रेकानंतर ऑगस्ट १९१६ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं. त्यानंतर १९८० मध्ये माउंट सेंट हेलेन्स फुटेपर्यंत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर दुसरा ज्वालामुखी फुटला नाही.

डेव्हॅस्टेटेड एरिया नावाच्या जागी एक छोटी सपाट पायवाट आहे, वयस्कर माणसंही आरामात फिरू शकतात. तिथे १९१५ चे दगड मांडलेले आहेत, आणि त्यांतला एक दगड मी दरवेळी वाकून बघते. तो प्युमिस आहे, फेसासारखा हलका, आणि त्यात पांढुरके आणि गडद तपकिरी पट्टे एकमेकांत फिरलेले आहेत. पांढुरका भाग डेसाइट, गडद भाग त्याहून कमी सिलिकाचा. कारण असं की खाली डेसाइटचा जुना, अर्धवट गोठलेला साठा पडून होता. खोलातून गरम बेसॉल्टी रस त्यात घुसला, त्याने तो साठा तापवला, वायू सुटले आणि सगळं वर आलं. दोन्ही रस नीट एकजीव व्हायच्या आत स्फोट झाला, म्हणून पट्टे तसेच राहिले. उद्रेक का झाला याचा पुरावा तळहाताएवढ्या दगडात दिसतो. उचलून घरी आणायचा मात्र नाही, राष्ट्रीय उद्यानातून खडाही उचलायला बंदी आहे.

बंपस हेल

इथे मात्र पुरेसा वेळ ठेवा. जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटरची पायवाट आहे, समुद्रसपाटीपासून ८,००० फुटांवर. शेवटच्या वळणाआधीच गंधकाचा सडक्या अंड्यांसारखा वास येतो आणि मग एक पांढरी-पिवळी, वाफाळणारी दरी उघडते. केंडल बंपस नावाच्या रहिवाशाने १८६० च्या दशकात ही जागा लोकांना दाखवायला सुरुवात केली. पातळ कवच फुटून त्याचा पाय उकळत्या चिखलात गेला आणि पुढे तो कापावा लागला. आज तिथे लाकडी फळ्यांची वाट आहे. ती सोडून एक पाऊलही टाकू नका. घट्ट दिसणारी जमीन खालून पोकळ असते.

खाली काय चाललंय? डोंगरावर पडलेलं पाऊस-बर्फाचं पाणी भेगांतून खोल झिरपतं. शिलारसाच्या आचेने तापलेल्या खडकाजवळ गेलं की त्याची वाफ होते आणि ती वर निघते. वाटेत थंड पाणी भेटलं तर उकळती डबकी होतात, पाणी कमी असेल तर चिखल रटरटतो, पाणीच नसेल तर नुसती वाफ शिट्टी घालत सुटते. म्हणून एकाच जागेचं रूप ऋतूप्रमाणे बदलतं: बर्फ वितळताना डबकी भरलेली, उन्हाळा सरताना तिथेच दाट चिखल. बिग बॉयलर नावाच्या मोठ्या भोकातल्या वाफेचं तापमान १६१ अंशांपर्यंत मोजलं गेलंय. इतक्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड येतो. त्यातून पिवळा गंधक साचतो आणि सल्फ्युरिक आम्लही तयार होतं. ते आम्ल कठीण खडकाची चक्क माती करतं, ती पांढरी चिकण माती तुमच्या समोर असते. काही डबक्यांच्या पृष्ठभागावर काळपट साय तरंगते, ते लोह आणि गंधकाचं खनिज, पायराइट. ब्रोकऑफ डोंगर कसा कुजला असेल याचं उत्तर इथे चालू स्थितीत बघायला मिळतं.

वज्रेश्वरी-गणेशपुरी किंवा तुरळ-राजवाडीची गरम कुंडं बघितलेल्या माणसाच्या मनात प्रश्न येतोच: मग आपल्याकडेही खाली ज्वालामुखी आहे का? नाही. पृथ्वीच्या पोटात जसजसं खोल जावं तसतसं तापमान वाढतंच. कोकणात पाणी खोल भेगांतून खाली जातं, त्या साध्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. दख्खनचा लाव्हा केव्हाच थंड झालेला आहे. लॅसनखाली तापलेला, अंशतः वितळलेला खडक आजही आहे, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं त्यावर भूकंपमापक, जमिनीची हालचाल मोजणारी यंत्रं आणि वायूंच्या तपासण्या यांतून लक्ष ठेवतं. २०१८ च्या यादीत त्यांनी लॅसनला सर्वाधिक धोक्याच्या गटात ठेवलंय. याचा अर्थ उद्या फुटेल असा नाही. फुटला तर नुकसान मोठं होईल, म्हणून पहारा कडक, एवढाच.

जायचं असेल तर

उद्यानातून जाणारा मुख्य रस्ता साधारण ५० किलोमीटरचा आहे आणि ८,५१२ फुटांपर्यंत चढतो. बर्फ इतकं पडतं की नोव्हेंबरच्या सुमाराला तो बंद होतो आणि कधी मे अखेर, कधी जून-जुलैमध्ये पूर्ण उघडतो. निघण्याआधी रस्ता उघडलाय का हे उद्यानाच्या संकेतस्थळावर बघाच. बंपस हेलची पायवाट त्याहूनही उशिरा मोकळी होते. ऑगस्ट-सप्टेंबर सर्वांत खात्रीचे. लॅसन पीकच्या माथ्याची चढण एका बाजूने चार किलोमीटर, दोन हजार फुटांची आहे. कळसूबाई चढणाऱ्याला पायांनी अवघड नाही, पण सुरुवातच साडेआठ हजार फुटांवर असल्यामुळे दम लवकर लागतो.

२०२१ च्या डिक्सी वणव्यात उद्यानाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आगीच्या फेऱ्यात आला. ठिकठिकाणी जळके खोड उभे दिसतील. वाईट वाटतं, पण त्यामुळे जमिनीचा चढउतार पूर्वीपेक्षा उघडा दिसतो हेही खरं.

एकच दिवस असेल तर दक्षिणेकडून शिरा: सल्फर वर्क्स, बंपस हेल, मग डेव्हॅस्टेटेड एरिया आणि शेवटी मॅन्झनिटा तलाव. सिंडर कोनला या रस्त्यावरून जाता येत नाही. त्यासाठी ४४ क्रमांकाच्या महामार्गावरून बट लेककडे जाणारा दहाएक किलोमीटरचा कच्चा रस्ता घ्यावा लागतो, आणि त्याला वेगळा दिवसच द्यावा. सकाळी लवकर चढा. काळे खडे दुपारी चांगलेच तापतात आणि शंकूवर सावली नाही.